पोदुम म्हणजे बास

बोरच्या गाड्या आमच्याकडे जोडीनं येतात. पुढच्या लॉरीवर आडवा झोपवलेला लोखंडी मनोरा. मागच्या लॉरीवर कॉम्प्रेसर, रॉड, केसिंग पाईप, डिझेलचे बॅरल, तांदळाची पोती आणि या सगळ्यावर ताडपत्री अंथरून झोपलेली माणसं. नंबरप्लेटवर टीएन. पुढच्या काचेखाली लिंबू-मिरची आणि आम्हाला वाचता न येणाऱ्या गोल गोल अक्षरांत देवाचं नाव.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. लहानपणी या गाड्या आल्या की आम्ही पोरं मागं पळायचो. पाणी लागलं तर चिखलात नाचायचो, नाही लागलं तर गपगुमान घरी यायचो. गाडीवरच्या माणसांशी कधी कुणी बोलल्याचं आठवत नाही. ती ‘मद्राशी’ होती. एवढी ओळख पुरायची.

डिसेंबर २०१५ मध्ये मी त्याच गाडीवर चढलो. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष सुरू होतं, पण सलग दुसऱ्या वर्षी सोयाबीन हातचं गेलं होतं आणि फी भरायला घरात पैसे नव्हते. गावातला बोरचा एजंट म्हणाला, “गाडीवर एक पोरगं पाहिजे. इथली भाषा बोलणारं. तीनशे रुपये रोज, जेवण त्यांचंच.” मी हो म्हणालो. काम दोन प्रकारचं होतं. हेल्पर म्हणून रॉड उचलायचे, आणि शेतकरी व ड्रिलर यांच्या मधे उभं राहून बोलायचं.

गाडीवर आम्ही नऊ जण. ड्रिलर, दोन ड्रायव्हर आणि स्वयंपाकी तामिळनाडूचे. चार पोरं छत्तीसगढची, माझ्याच वयाची, सगळ्यात जड काम करणारी आणि सगळ्यात कमी बोलणारी. आणि मी. ड्रिलरला सगळे अण्णा म्हणायचे. मलाही ते सोपं गेलं. आमच्याकडे गल्लीत दोन अण्णा आणि एक अक्का आहेतच. त्यानं मला पहिल्याच दिवशी तंबी करून टाकलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

अण्णा चाळिशीचा असेल. नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडजवळचा. देशभर फिरणाऱ्या बोरच्या गाड्यांचं ते माहेरघर. गाड्या तिथंच बांधल्या जातात, मालक तिथले आणि ड्रिलरही तिथलेच. गावाच्या डोक्यावर डोंगर आहे आणि डोंगरावर अर्धनारीश्वराचं देऊळ. अर्धा शंकर, अर्धी पार्वती. अण्णाच्या फोनवर त्याचाच फोटो होता. पंधरा वर्षं तो राजस्थानपासून कर्नाटकपर्यंत जमीन भोसकत फिरला होता, पण त्याची हिंदी ‘पानी’, ‘डिझेल’ आणि ‘कितना फूट’ यांच्या पुढं सरकली नव्हती. तो म्हणायचा, दगडाला हिंदी लागत नाही.

पहिले आठ दिवस मला फक्त एक शब्द कळला, साप्टिया? म्हणजे जेवलास का? कॉम्प्रेसर बंद झाला, कानातला आवाज जरा उतरला, की तो प्रत्येकाकडे बघून हे विचारायचा. छत्तीसगढच्या पोरांनाही. आमच्याकडे गड्याला जेवायला वाढतात, पण ‘जेवलास का’ असं मालकाच्या सुरात नाही, घरच्या सुरात विचारलेलं मी फार ऐकलं नव्हतं.

हळूहळू शब्द वाढले. तण्णी म्हणजे पाणी. इल्ल म्हणजे नाही. अडी म्हणजे फूट. सरी म्हणजे बरं. पोदुम म्हणजे पुरे. एकदा मी सांगितलं, “उद्या ताई येणार आहे, मला लवकर सोडा.” तर अण्णा गोंधळला. त्याच्या भाषेत ताय म्हणजे आई. तुझी आई तर गावातच आहे, मग ती येणार कुठून? त्यानंतर माझी बहीण गाडीवर कायमची ‘छोटी आई’ झाली.

भाषेबरोबर त्यानं मला जमीन वाचायलाही शिकवली. बोरच्या गाडीत तोफेसारखी एक गोष्ट असते, हॅमर. तो रॉडच्या टोकाला, थेट भोकाच्या तळाशी असतो. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर दगडावर ठोके मारतो, बिट फिरत राहतं, आणि तीच हवा फुटलेल्या दगडाची भुकटी वर फेकते. ती भुकटी म्हणजे जमिनीची चिठ्ठी. आधी माती, मग मुरूम. तिथंपर्यंत केसिंग घालायचं, नाहीतर भोक ढासळतं. मग काळा पाषाण.

आमचा सगळा मुलूखच लाव्ह्याच्या थरांचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या. दोन थरांच्या मधे कधी लालसर पट्टा लागतो. दगड जिथं झिजलेला, भेगाळलेला किंवा जाळीसारखा सच्छिद्र असतो, तिथं पाणी साठायची शक्यता. अखंड काळ्या दगडात साठायला जागाच नसते. अण्णा भुकटी तळहातावर घ्यायचा, चोळायचा, नाकाशी न्यायचा. ओल असेल तर बोटाला गोळा लागतो. ती राखेसारखी उडून गेली की तो तोंडानं फक्त ‘च्’ करायचा.

पाणाड्यानं नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवलेली असायची. अण्णा त्या जागेला कधी नाही म्हणाला नाही. नारळ फोडायचा, कापूर लावायचा, लॉरीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा आणि कामाला लागायचा. विश्वासाची जागा वेगळी आणि भुकटीची जागा वेगळी, असं काहीसं त्याचं असावं.

जानेवारीत भोगीच्या दिवशी आम्ही गावाजवळच काम करत होतो. आईनं गाडीवरच्या सगळ्यांसाठी डबा पाठवला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. मी म्हणालो, “आज आमची भोगी.” अण्णा हसायलाच लागला. त्यांच्याकडेही त्या दिवसाला भोगीच म्हणतात. ते जुन्या वस्तू जाळतात, दुसऱ्या दिवशी पोंगल. त्यानं भाकरी मोडून तोंडात घातली आणि हसायचा थांबला. “कंबु,” म्हणाला. बाजरी. त्याची आजी कंबूची आंबील करायची. आता घरी सगळे भातच खातात.

त्या दुपारी तो पहिल्यांदा घरचं बोलला. छत्तीसगढचा एक जण दोन वर्षं गाडीवर असल्यामुळे बरं तमिळ बोलायचा, तो मला हिंदीत सांगत गेला. अण्णाच्या वडिलांची चार एकर कोरडवाहू. आमच्यासारखीच. विहीर आटली म्हणून बोर घेतला. तो गेला म्हणून दुसरा घेतला, नऊशे फूट. मग तिसरा, हजाराच्या पुढं. तिन्ही कोरडे. प्रत्येक वेळी ड्रिलर म्हणायचा, अजून थोडं. कर्ज फेडायला घरातला मोठा मुलगा बोरच्याच गाडीवर गेला.

“मग तुम्हाला या मशीनचा राग येत नाही?” मी विचारलं.

तो म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा लातूरकरांना विसरता येणार नाही. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरलेली रेल्वे लातूरला पोचली. सगळीकडे त्या रेल्वेचे फोटो. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की, त्याच रात्री जिल्ह्यातल्या शिवारांमध्ये आमच्यासारख्या गाड्या धडधडत होत्या. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या, म्हणजे जवळपास दोनशे फुटांच्या खाली गेलेल्या बोरला खोल विहीर धरलं आहे आणि तिच्यावर बंधनं आहेत. आम्ही रोज त्याच्या दुप्पट-तिप्पट जात होतो. कुणी विचारलं नाही. तहानलेला माणूस कायदा विचारत नाही, आणि फुटावर पैसे घेणारा तर नाहीच.

फुटावर पैसे, हे नीट समजून घ्या. पाणी लागो न लागो, शेतकऱ्यानं फुटाप्रमाणे पैसे द्यायचे. आमच्या गाडीचा दर पहिल्या तीनशे फुटांना पंच्याहत्तर रुपये, पुढं प्रत्येक शंभराला दहा रुपये वाढत जाणारा. जितकं खोल, तितकं महाग. ड्रिलरला पगाराशिवाय फुटावर बॅटा. एजंटला फुटावर कमिशन. त्या एप्रिलमध्ये एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुलाबी फुटामागं रुपया देतो. तीनशेच्या पुढं गेलं की. तू फक्त गिऱ्हाईकाला धीर देत जा.”

धीर देणं. शब्द किती चांगला होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निलंग्याच्या बाजूला एका शेतात गाडी लावली. शेतकऱ्याला मी मामा म्हणत होतो. साठीचे, डोक्याला पांढरा पटका. म्हैस विकून पैसे उभे केले होते, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. संध्याकाळी सुरू केलं. आमचा रॉड वीस फुटी. फसवणूक होऊ नये म्हणून मामा दर रॉडला धोतराच्या घोळात एक खडा टाकत होते. घरातलं लहान पोरगं बाजूला बॅटरी धरून बसलेलं.

साठ फुटांवर केसिंग संपलं. दीडशेला जरा ओल दिसली, मामा उठून उभे राहिले. मग ती गेली. पुढं नुसता काळा पाषाण, कोरडा, बारीक, मैद्यासारखा. विसावा रॉड संपला. चारशे फूट. अण्णानं मशीन थांबवलं, भुकटी तळहातावर घेतली, फुंकली. माझ्याजवळ येऊन म्हणाला, “तण्णी इल्ल, तंबी. पोदुम. सोल्लु.” पाणी नाही. पुरे. सांग त्यांना.

मी मामांकडे वळलो. त्यांच्या मागं एजंट उभा होता. त्यानं काही केलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “मामा, अण्णा म्हणतात अजून दहा रॉड जाऊ. लागंल.”

मामांनी मान डोलावली. मग मी अण्णाकडे गेलो आणि मोडक्या तमिळमध्ये सांगितलं की मालक ऐकत नाहीत, अजून दहा रॉड म्हणतात.

दोन वाक्यं. दोन भाषांत दोन खोटी. त्या शेतात दोघांचंही समजणारा मी एकटा होतो, म्हणून ती खपली.

अण्णानं मामांकडे एकदा बघितलं आणि मशीन सुरू केलं. पहाटेपर्यंत तिसावा रॉड गेला. सहाशे फूट. एक थेंब नाही. त्या शेवटच्या दहा रॉडचे वीस हजार रुपये झाले. त्यातले माझे दोनशे.

उजाडताना मामांनी पैसे मोजून दिले. घोळातले खडे जमिनीवर ओतले, पुन्हा एकदा मोजले. तीस. मग ते अण्णापाशी गेले. भाषा नव्हती म्हणून हातांनी विचारलं. अण्णाकडे बोट, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग भोकाकडे. तुम्ही म्हणालात ना, लागेल? चिडून नाही. एखादा हिशेब चुकला असेल तर समजून घ्यावा, तसं.

अण्णाला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

तो काहीच बोलला नाही. भोकावर त्यानं नेहमीसारखा केसिंगचा तुकडा बसवायला लावला, त्यावर पोतं, त्यावर मोठा दगड. कोरडे बोर उघडे सोडू नयेत असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये बजावलेलं आहे, पण अण्णाला ते माहीत असेल असं वाटत नाही. त्याला घरी दोन लहान मुलं होती, एवढंच. दगड ठेवून झाल्यावर माझ्याजवळून जाताना म्हणाला, “पोय सोल्लादे.” खोटं बोलू नकोस.

त्यानंतर सहा दिवस त्यानं मला ‘साप्टिया’ विचारलं नाही. बाकी सगळ्यांना विचारायचा. माझ्यापाशी आला की नजर पुढच्याकडे. ओरडला असता, एजंटला सांगून काढून टाकलं असतं, तरी मला परवडलं असतं. ताटात भात होता, सांबार होतं, आणि मला गिळवत नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी तो स्वतःहून आला. बिटचे झिजलेले दाणे बघत बसला आणि न बघताच विचारलं, “पोदुम. मराठीत काय?”

“बास,” मी म्हणालो.

“बास.” त्यानं दोन-तीनदा घोळवलं. ‘बासु’ होत होतं. मी सुधारलं. मग ‘मामा’ विचारायची गरज नव्हती, त्यांच्याकडेही आईच्या भावाला मामाच म्हणतात.

त्या दिवसापासून पाण्याचं काही माझ्या तोंडून गेलं नाही. भुकटी उडायला लागली की अण्णा मशीन थांबवून खाली उतरायचा, शेतकऱ्यासमोर उभा राहायचा, तळहात उघडून कोरडी भुकटी दाखवायचा आणि म्हणायचा, “बास, मामा.” काही ऐकायचे. बरेचसे ऐकायचे नाहीत. अजून दोन रॉड, अजून एक, म्हणायचे. मग तो खाली जायचा, पण आधी सांगून. त्याचा स्वतःचा बॅटा कमी होत होता. एजंट माझ्यावर भडकला, “त्याला मराठी कुणी शिकवली रे?” माझा फुटामागचा रुपया बंद झाला. बंद झाला नसता तर मी तो सोडला असता का, याचं उत्तर मला आजही छातीवर हात ठेवून देता येत नाही.

माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून तो माझी भाषा शिकला. आणि आमची खरी दोस्ती तिथून झाली. आता मला त्याच्यासमोर चांगलं दिसायची सोय उरली नव्हती.

मेच्या शेवटी, गाड्या पावसाळ्यासाठी परत जायच्या आधी, माझ्या वडिलांनी आमच्या शेतात बोर घ्यायचं ठरवलं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, “जगाचे बोर घेत फिरलास, अन् बापाला नको म्हणायलास?” गाडी आली. आई हळद-कुंकू घेऊन आली. पंधराव्या रॉडला, तीनशे फुटांवर, अण्णा उतरला. या वेळी त्यानं स्वतः ‘बास’ म्हटलं नाही. भुकटी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “सोल्लु.”

वडील माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत निलंग्याच्या मामांसारखंच काहीतरी होतं. मी म्हणालो, “दादा, बास. पाणी नाही.”

“अण्णा म्हणतात, का तू म्हणतोस?”

“दोघंबी.”

वडिलांनी पटक्यानं तोंड पुसलं आणि घराकडे चालायला लागले. अण्णा त्यांच्या मागं गेला. दोघं बांधावर बसले. एकाला मराठी येत होती, एकाला तमिळ, आणि बराच वेळ दोघंही काही बोलत नव्हते. मी लांबून बघत होतो. दुभाष्याची गरज नव्हती.

निघताना अण्णानं मला जवळ घेतलं आणि एवढंच सांगितलं की, निलंग्याच्या मामांना मी काही सांगणार नाही. ते तुझं काम.

मी पुढं डिप्लोमा पूर्ण केला, पुण्याला नोकरी लागली. अण्णानं काही वर्षांत गाडी सोडली. कॉम्प्रेसरच्या आवाजानं त्याचे कान गेलेत. दर भोगीला मी त्याला फोन करतो आणि दोघांनाही ओरडून बोलावं लागतं. तो आधी विचारतो, “साप्टिया?” मी हो म्हणतो. मग विचारतो, “सोन्निया?” सांगितलंस का?

सहा भोग्या मी “इल्ल, अण्णा” म्हणालो.

मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा गाडी काढली आणि निलंग्याकडे गेलो. मामा आता खूप थकलेत. शेताच्या कोपऱ्यात तो दगड अजून तिथंच होता, त्याच्याभोवती गवत वाढलेलं. मी सगळं सांगितलं. अण्णा काय म्हणाला होता, मी काय सांगितलं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तवा त्या माणसानं मशीन बंद करून माझ्याकडं बघितलं होतं. मलाबी वाटलं, हा नको म्हणायला. पर मन ऐकत नव्हतं.”

मग विचारलं, “तुला किती भेटले त्यातले?”

“दोनशे.”

“एवढेच?”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी पैशांचं काढलं तर हात आडवा केला. चहा पिऊन निघालो. ते सोडायला आले नाहीत.

रस्त्यात गाडी थांबवून अण्णाला फोन लावला. भोगी नव्हती, म्हणून तो घाबरला, घरी सगळं ठीक ना म्हणून विचारत राहिला. मी ओरडून सांगितलं, “सोन्नेन, अण्णा. सांगितलं.”

त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडलो. बाजूनं जाणारा एक बैलगाडीवाला वळून बघायला लागला.

तिसऱ्यांदा त्याला कळलं. “सरी,” म्हणाला. मग थोडं थांबून, मोडक्या मराठीत, पाऊस कसा आहे यंदा, ते विचारलं.